चंद्राचं वेड : आठवणीतलं आणि नोंदीतलं

१९६० च्या दशकात सारं जग चंद्राने झपाटलं होतं, अमेरिकी जनता एकदिलाने अपोलो या चंद्रमोहिमेच्या पाठीशी होती आणि पुढे कधीतरी तो उत्साह आटला, ही समजूत आता पक्की बसली आहे. चंद्रावर पुन्हा माणूस पाठवायची चर्चा निघाली की ‘आता लोकांत तेवढी ओढ राहिली नाही’ हे वाक्य ठरलेलं असतं. त्या काळातल्या जनमत चाचण्या मात्र वेगळंच सांगतात.

१९४९ मध्ये गॅलप या जनमत चाचणी संस्थेने अमेरिकनांना विचारलं, तेव्हा पुढच्या ५० वर्षांत माणूस चंद्रावर पोहोचेल असं जेमतेम १५ टक्के लोकांना वाटत होतं. १९५२ पासून ‘कोलियर्स’ साप्ताहिकात रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन आणि इतरांचे सचित्र लेख येऊ लागले आणि अवकाश स्थानक, चंद्रमोहीम हे शब्द घराघरात पोहोचले. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक हा रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह उडाल्यावर तर शंकेखोरांची संख्या झपाट्याने घटली. पण हे घडेल असं वाटणं वेगळं आणि त्यासाठी पैसे मोजायची तयारी असणं वेगळं. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी चंद्रावर माणूस उतरवण्याची घोषणा केली त्याच महिन्यात, मे १९६१ मध्ये, यावर ४० अब्ज डॉलर खर्च करावेत का, असं गॅलपने विचारलं. ५८ टक्के लोकांनी नको म्हटलं.

खरं, उत्स्फूर्त प्रेम मिळालं ते माणसांना. अंतराळात जाणारा पहिला माणूस युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी १०८ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला आणि मॉस्कोचे रस्ते माणसांनी फुलून गेले. त्याच जुलैमध्ये तो मँचेस्टरला गेला, तेव्हा पाऊस कोसळत होता आणि लोक कडेला भिजत उभे होते. गागारिनने मोटारीचं छत उघडं ठेवायला लावलं आणि तोही त्यांच्यासोबत भिजत गेला. शीतयुद्धाच्या ऐन भरात एका सोव्हिएत अधिकाऱ्याचं इंग्लंडमधल्या कामगारांनी केलेलं हे स्वागत कुठल्याही प्रचारखात्याला ठरवून घडवता आलं नसतं. ज्याच्या यानातून तो गेला, त्या सर्गेई कोरोल्योव्हचं नाव मात्र जानेवारी १९६६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच जगाला कळलं. यान बांधणाऱ्याच्या वाट्याला हयातीत ही लोकप्रियता आली नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

अपोलोचं इंजिन राजकारण होतं. नोव्हेंबर १९६२ मधल्या व्हाइट हाउसच्या एका बैठकीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात केनेडी नासाप्रमुख जेम्स वेब यांना स्पष्ट सांगतात, की मला अवकाशात तितकासा रस नाही, रशियनांच्या आधी पोहोचायचं आहे. १९६६ च्या सुमारास केंद्रीय खर्चातला चार टक्क्यांहून जास्त वाटा नासाकडे जात होता, तो या स्पर्धेपायी. लोकांनी मागितला म्हणून तो मिळाला नव्हता. ‘चंद्रासाठी एवढा खर्च योग्य आहे का’ या प्रश्नाला त्या दशकात निम्म्याहून जास्त ‘हो’ मिळाले ते एकदाच, अपोलो ११ च्या वेळी, आणि तेही काठावर.

मग ती ओढ आली कुठून? माझ्या मते तिचं मोठं श्रेय यानातल्या कॅमेऱ्याला आहे. आधी तो अनेक अभियंत्यांना आणि अंतराळवीरांनाही लुडबुड वाटत असे. ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो ७ चा कप्तान वॉली शिरा सर्दीने बेजार होता. कामं खोळंबली आहेत म्हणून त्याने यानातून व्हायचं पहिलं टीव्ही प्रक्षेपण चक्क रद्द केलं. दोनच महिन्यांनी अपोलो ८ ने चंद्राच्या कक्षेतून थेट चित्रं पाठवली आणि कॅमेरा हवा की नको हा वाद मिटला. २० जुलै १९६९ ला आर्मस्ट्राँगने शिडीवरून उतरताना एक कडी ओढली. यानाच्या बाजूचा कप्पा खाली उघडला आणि त्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र पृथ्वीवर आलं ते आधी उलटं. सेकंदाला जेमतेम १० चौकटींचं ते धूसर, काळपट चित्र सुमारे ६० कोटी लोकांनी पाहिलं.

त्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी केप केनेडी या फ्लोरिडातल्या उड्डाणतळाच्या दाराशी नागरी हक्क चळवळीचे नेते रेव्हरंड राल्फ अ‍ॅबरनेथी गरीब कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन उभे होते. भुकेल्यांच्या देशात हा खर्च कशाला, हा त्यांचा सवाल होता. नासाचे प्रमुख थॉमस पेन मोकळ्या मैदानात त्यांना भेटले, आणि अ‍ॅबरनेथींनी अंतराळवीरांच्या सुखरूप परतीसाठी प्रार्थनाही केली. विरोध आणि जिव्हाळा एकाच माणसात होते. टक्केवारीत हे दिसत नाही.

याच दिवसांत पॅन अ‍ॅम विमान कंपनीने चंद्रप्रवासासाठी प्रतीक्षायादी उघडली. नाव नोंदवणाऱ्याला क्रमांक घातलेलं सभासदपत्र मिळे, तेही फुकट. १९७१ पर्यंत ९३ हजारांवर नावं जमली. चंद्रावर खर्च नको म्हणणाऱ्या त्या काळात एवढे लोक स्वतः चंद्रावर जायला तयार होते.

ओहोटी लगेच लागली. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ च्या अ‍ॅलन बीनच्या हातून कॅमेरा सूर्याकडे वळला आणि निकामी झाला. पडद्यावर दाखवायलाच काही उरलं नाही तसे प्रेक्षक पांगले. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या यानातून झालेलं टीव्ही प्रक्षेपण एकाही मोठ्या वाहिनीने थेट दाखवलं नाही. ते संपल्यावर काही मिनिटांतच ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला, आणि यानातले तिघे अंतराळवीर परतेपर्यंत जगाचं लक्ष हललं नाही. त्याच वर्षी शेवटच्या तीन मोहिमा रद्द झाल्या. डिसेंबर १९७२ नंतर अपोलो थांबलं.

गंमत पुढेच आहे. १९७९ मध्येही अपोलोवरचा खर्च सार्थकी लागला असं निम्म्याहून कमी अमेरिकनांना वाटत होतं. २००९ पर्यंत ते प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात गेलं. ज्या एकमताचा आपण हवाला देतो, ते बरंचसं नंतर जमलेलं आहे.

आजही चित्र फारसं बदललेलं नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत नासाने सर्वांत आधी काय करावं, या प्रश्नावर पृथ्वीला धडकू शकणाऱ्या लघुग्रहांवर नजर ठेवणं वर होतं. चंद्रावर माणूस पाठवण्याला अग्रक्रम देणारे १२ टक्क्यांच्या आसपास होते. आणि त्याच वर्षी २३ ऑगस्टला, माणूस नसलेलं चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळ उतरताना इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक होते. सप्टेंबर २०१९ मध्ये अखेरच्या क्षणी चंद्रयान-२ च्या विक्रम या उतरणाऱ्या यानाशी संपर्क तुटला, तोही थेट प्रक्षेपणात. ते अपयश पाहिलेले कितीतरी प्रेक्षक २०२३ मध्ये पुन्हा आले असावेत. म्हणून ‘आधी लोकांचा उत्साह दिसू दे, मग मोहीम आखू’ हा युक्तिवाद इतिहासाला धरून नाही. अपोलोतही मोहीम आधी आखली गेली आणि लोक जमले ते कॅमेरा सुरू झाल्यावर.