बिबल्याच्या पेल्यापासून कॅप्सूलच्या डबीपर्यंत

खानदेशातल्या आठवडे बाजारात जडीबुटीवाल्याच्या फडक्यावर जांभळाच्या बियांची पूड, गुडमारचा वाळलेला पाला आणि बिबल्याच्या लाकडाचा पेला मांडलेला दिसतो. पेल्यात रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी ते तपकिरी झालेलं पाणी मधुमेहावरचं औषध म्हणून अनशापोटी प्यायचं. जळगाव-धुळ्याच्या मेडिकलमध्ये हीच नावं आता कॅप्सूलच्या डबीवर छापलेली असतात. बिबल्याचं तिथलं नाव विजयसार.

या वनस्पतींची मुळं जुनी आहेत, पण ज्या उपचाराचा त्या भाग होत्या तो उपचार आपण अर्धाच उचलला. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांचे, २० प्रकार सांगितले, मधुमेह हा त्यांतला एक. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हे त्यांनी टिपलं होतं. जन्मतः येणारा आणि खाण्यापिण्याच्या चुकीने होणारा, असे दोन भेद सुश्रुताने केले आणि पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल असतो असंही लिहिलं. आज टाइप वन आणि टाइप टू म्हणतो त्याच्या हे बरंच जवळ जातं. उपचारात जवाचं अन्न होतं, भरपूर चालणं होतं, आणि निर्धन रोग्याला तर अनवाणी शंभर योजने चालायला किंवा विहीर खणायला सांगितलं होतं. काढे होते ते या कष्टांच्या जोडीला.

कष्ट आणि भरड अन्न खानदेशाला कोणी शिकवायची गरज नव्हती. दादर ज्वारीची, कळण्याची भाकरी आणि दिवसभर कपाशीत नाहीतर केळीच्या बागेत राबणं हेच इथलं जगणं होतं. ताटात गहू-तांदूळ वाढले, शेतात ट्रॅक्टर आला, बांधापर्यंत मोटरसायकल पोहोचली. त्यात शरीराची ठेवणही आड येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की आपली बाळं वजनाने हलकी जन्मतात, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं. त्यामुळे वरून सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही साखर होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत.

झाडपाल्यात औषध असतं का, हा वाद मला निरर्थक वाटतो. सरकारी दवाखान्यात मधुमेहावर मिळणारी मेटफॉर्मिनची गोळीच मुळात एका झुडपाच्या मागावरून आली आहे. गॅलेगा नावाचं हे झुडूप युरोपात जुन्या काळापासून औषधात वापरलं जाई. त्यातल्या द्रव्यांनी साखर उतरते हे कळलं, पण ती विषारीही होती. म्हणून त्यांच्या जवळची संयुगं तयार करून तपासणं सुरू झालं. १९२२ मध्ये डब्लिनमध्ये मेटफॉर्मिन प्रथम बनवलं गेलं आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहाच्या रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष छापले. त्याच कुळातलं फेनफॉर्मिन मात्र रक्तात लॅक्टिक आम्ल वाढवून जीव घेतं हे उघड झालं आणि १९७० च्या दशकात बहुतेक देशांनी ते बाजारातून काढलं. अमेरिकेने मेटफॉर्मिनला परवानगी दिली ती १९९४ मध्ये. मात्रा ठरवायची, अपाय शोधायचा आणि घातक निघेल ते टाकून द्यायचं, यात सत्तर वर्षं गेली.

आपल्याकडे सुरुवात झाली, पण काम पुरं झालं नाही. बिबल्याचंच बघा. सातपुड्याच्या पानगळीच्या जंगलातला हा वृक्ष. आयसीएमआरने नव्याने निदान झालेल्या रुग्णांवर केलेली त्याची चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांत ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. आकडा आशादायक आहे. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यात पथ्याचा वाटा किती आणि लाकडाचा किती, हे सांगता येत नाही. शिवाय वापरतात तो खोडाचा गाभा. तो हवा तर झाडच तोडावं लागतं, आणि मागणी वाढली की कुऱ्हाड सातपुड्यावरच पडणार.

गुडमारचा पाला चावला की थोडा वेळ गोड चव कळेनाशी होते, त्यामुळे त्याच्यावर विश्वास पटकन बसतो. मद्रासमध्ये १९९० साली त्याच्या अर्काचा २२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या पाच जणांची नेहमीची औषधं थांबवता आली. अभ्यास लहान आहे, पण त्याचा हवाला आजही दिला जातो. मेथीची बाजू त्या मानाने भक्कम वाटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने तिच्यावर नेटाने काम केलं, आणि तिच्यातला तंतू पचन मंदावतो हे कारणही समजण्यासारखं आहे. मात्र त्या प्रयोगांत मेथी चमचाभर नव्हती. काहींत तर दिवसाला १०० ग्रॅम चरबीरहित पूड होती. कॅप्सूलमध्ये ती मावेल कशी?

डबीचा मार्ग कायद्याने सोपा केला. ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवान्यासाठी परिणामाची नवी चाचणी द्यावी लागत नाही. आणि २०१६ च्या नियमांमुळे तीच वनस्पती अन्नपूरक म्हणून अन्न परवान्यावरही विकता येते, फक्त ती औषधी वापरासाठी नाही असं वेष्टनावर छापावं लागतं. मधुमेह बरा करण्याची जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानेच बंद केली आहे. तरी ‘शुगर मुळापासून’ असे फलक एसटी स्टँडबाहेर दिसतात.

धोका दोन्ही बाजूंनी आहे. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्याने वर गुडमार घेतलं आणि उपाशीपोटी शेतात गेला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. काही देशांत ‘वनौषधी’ म्हणून विकलेल्या गोळ्यांत चोरून ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं रासायनिक औषध मिसळलेलं सापडलं आहे. याहून मोठं नुकसान पूड सुरू करून गोळी सोडणाऱ्याचं होतं. पाय बधिर होईपर्यंत, नजर अंधुक होईपर्यंत त्याला काही दुखत नाही.

आशाताई तिशीपुढच्या माणसांचा तपासणीचा अर्ज भरतात तेव्हा तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घराण्यातला आजार विचारतात. पाला, पूड, पेला यांसाठी त्यात रकाना नाही. निदान नंदुरबार, धुळे, जळगावात तरी तो असायला हवा, आणि रुग्णाला न रागावता विचारला जायला हवा.