सशासाठी प्लेपेनच्याच मापाची सतरंजी घेऊ नका

‘प्लेपेन ४ बाय ४ फुटांचा आहे, सतरंजीही ४ बाय ४ ची द्या.’ फोनवर आम्हाला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते हे वाक्य. (प्लेपेन म्हणजे सशाला फिरायला सोडायचं जाळीचं कुंपण.) आम्ही ५ बाय ५ सांगतो, तेव्हा दुकानदार फूटभर कापड जास्तीचं गळ्यात मारतोय असं वाटतं. हट्टानं ४ बाय ४ नेलेली सतरंजी पंधरा दिवसांत कुरतडलेल्या कडांसकट परत येते आणि ‘माल खराब निघाला’ अशी तक्रार होते. मालात खोट नसते. सतरंजीची कड सशाच्या तोंडाशी आलेली असते, एवढंच.

ससा सतरंजी मधूनच खायला क्वचित सुरुवात करतो. सपाट, ताणून घातलेल्या कापडात त्याच्या दातांना धरायला काही सापडत नाही. कड, कोपरा किंवा सुटलेला एक धागा मिळाला की मात्र तो तासन्‌तास तिथेच बसतो. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं त्याला सोडता येत नाही. सतरंजी गेली तर नवी घेता येते, खरी काळजी पोटाची. सशाला उलटी होत नाही, म्हणजे गिळलेला धागा किंवा फोमचा तुकडा पुढेच सरकायला हवा. तो अडला की खाणं थांबतं, लेंड्या बारीक होतात, मग बंद होतात. दहा-बारा तास सशानं तोंडात काही घेतलं नाही, लेंड्याही नाहीत, तर सकाळची वाट न बघता पशुवैद्य गाठा.

म्हणून माप असं धरा: प्लेपेनच्या प्रत्येक बाजूला ६ इंच जास्त. प्लेपेनची जाळी सतरंजीच्या वर उभी राहिली पाहिजे आणि कड बाहेर. ससा गजांमधून नाक काढेल, पण ६ इंच त्याला गाठता येत नाहीत. प्लेपेनची एखादी बाजू भिंतीनं भागवली असेल, तर तिथेही जाळी लावा आणि भिंतीपासून ६ इंच आत घ्या. ससा खोलीभर मोकळा फिरत असेल तर सतरंजीच्या कडा सोफा, कपाट, पलंग यांच्या पायांखाली दाबा. जी कड दाबता येणार नाही, तिच्यावर गवताचा खोका किंवा शी-शूचा ट्रे ठेवा.

आणखी एक. सुती सतरंजी पहिल्या धुण्यात आटते, ५ फुटांत दोन-तीन इंच सहज. बेतून घेतलेलं माप तिथेच हुकतं. आम्ही कापड आधी भिजवून, वाळवून मग कापतो आणि चारही बाजूंनी कड दुमडून शिवतो. सतरंजी मिळायला तीन दिवस लागतात ते याच कारणानं, पावसाळ्यात चार. दशा असलेली सतरंजी सशासाठी आम्ही देत नाही. घरची वापरणार असाल तर आधी दशा कापून कड शिवून घ्या.

टाइल्सवर नुसतं सोडलं तर?

कुत्र्या-मांजरासारखी गादी सशाच्या पंजाला नसते, खाली फक्त केस असतात. व्हिट्रिफाइड टाइल किंवा पॉलिश केलेल्या कोटा फरशीवर ते केस घसरतात आणि पाय फाकतात. मागच्या पायांत ताकद भरपूर, हाडं मात्र हलकी. उडी मारताना घसरला तर कंबर दुखावू शकते. पॉलिश न केलेल्या शहाबादीवर पकड मिळते, पण ती टणक आणि खरखरीत. रोज तासन्‌तास तिथे बसलेल्या सशाच्या मागच्या टाचांचे केस झिजतात, कातडी लाल होते, पुढे जखम. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात हे आणखी लवकर होतं, कारण सगळा भार बारीक तारांवर येतो. वजनदार ससे आणि आखूड केसांचे रेक्स जातीचे ससे यांना त्रास जास्त. नखं वाढली की बोटं उचलली जातात आणि भार टाचेवर सरकतो, म्हणून चार ते सहा आठवड्यांनी नखं कापायलाच हवीत, खाली कितीही मऊ अंथरलं तरी.

आठवड्यातून एकदा मागचे पाय उलटून बघा. केसांखाली लहानसा, कोरडा, फिक्या रंगाचा घट्टा असणं फार काळजीचं नाही. लाली, खपली, ओल किंवा सूज दिसली तर डॉक्टर. घरातलं माणसांचं मलम लावू नका, ससा ते चाटून पोटात घेतो.

टाइल पूर्ण झाकूही नका. ऊन तापलं की, ३० अंशांच्या पुढे तर नक्कीच, सशाला अंग टेकायला गार जागा लागते. दोन बाय दोनची एक टाइल उघडी सोडा. ससा टाइलला घाबरून सतरंजीवरच बसून राहत असेल, तर पुढे छोट्या पट्ट्या टाकून पायवाट करा, दोन पट्ट्यांत फूटभरापेक्षा कमी अंतर ठेवून.

काय घालावं, काय नको

खाली पीव्हीसी व्हिनाइलचा तुकडा, म्हणजे लघवी फरशीवर जाणार नाही. त्यावर न घसरणारा जाळीदार अँटी-स्लिप मॅट, नाहीतर जुना योगा मॅट. सगळ्यात वर घट्ट विणीची सुती सतरंजी किंवा फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ कापड. खालचे दोन्ही थर वरच्यापेक्षा दोन-दोन इंच लहान कापा, कारण रबर आणि व्हिनाइल दोन्ही सशाला आवडीनं चावायला लागतात. पिंजरा जाळीचा असेल तर आधी जाळीवर सनमायका लावलेल्या प्लायचा तुकडा बसवा, वर हेच थर. फ्लीसचा एक फायदा: कापलं तरी धागे सुटत नाहीत आणि ते लवकर वाळतं. सुती सतरंजी जास्त टिकते. दोन्ही आमच्याकडे मिळतात. ससा फार खणणारा असेल तर आम्ही सतरंजीच सुचवतो, महाग पडली तरी.

एकमेकांत अडकणारे फोमचे मॅट आम्ही सशासाठी विकत नाही, मागितले तरी. त्यांना प्रत्येक सांध्यावर एक कड असते, म्हणजे सशाला आमंत्रणच. प्लॅस्टिकची हिरवळही नको, पाती उपटून गिळली जातात. काथ्याचं पायपुसणं बसायला टोचतं, खणायला मात्र उत्तम, तेव्हा एका कोपऱ्यात तेवढ्यासाठी ठेवा आणि धागे गिळायला लागला तर काढून घ्या. सोलापुरी चादर दुहेरी करून चालते. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत नख अडकतं. गोधडी मऊ खरी, पण तिचे टाके सशानं एकदा धरले की ओळच्या ओळ उसवते. घरातलं कापड तपासायचं असेल तर केसांची पिन टोकाशी वाकवून त्यावरून फिरवा. पिन अडकली तर नखही अडकणार.

धुणं आणि डाग

‘सतरंजीचा रंग सुटला, लाल डाग पडले’ अशी तक्रार आली की आम्ही आधी सशाचं खाणं विचारतो. सशाची लघवी फिकट पिवळ्यापासून विटकरी लालपर्यंत असते. रंग वनस्पतींतल्या रंगद्रव्यांमुळे येतो. सगळी लघवी एकसारखी रंगीत असेल तर बहुधा काळजी नाही. त्यात वेगळे रक्ताचे थेंब दिसले, ससा कुंथत असेल, तर डॉक्टर.

लघवी वाळल्यावर पांढरा थर राहतो, तो कॅल्शियमचा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन दहा मिनिटं ठेवलं की निघतो. पण कोटा, शहाबादी आणि संगमरवरावर व्हिनेगर टाकू नका. ते चुन्याचे दगड, त्यांची पॉलिश जाते. तिथे साधा साबण आणि पाणी. फिनाइल आणि सुगंधी फॅब्रिक कंडिशनर वापरू नका. पावसाळ्यात एक सतरंजी वाळेपर्यंत दुसरी लागतेच, म्हणून दोनचा जोड घ्यावा. ओल्या सतरंजीवर बसलेल्या सशाच्या टाचा कोरड्यापेक्षा लवकर बिघडतात.

मागवताना तीन गोष्टी कळवा: प्लेपेनची बाहेरची लांबी आणि रुंदी इंचांत, कोणत्या बाजूला भिंत आहे ते, आणि सशाचं अंदाजे वजन. मापात १२ इंच मिळवायचं काम आमचं, तुम्ही मिळवू नका. दोघांनी मिळवलं की सतरंजी सोफ्याखाली जाते.