मार्गिटची काठी आणि तापलेला अंगठा

'एल्डन रिंग' (2022) हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना सुरुवातीलाच गाठणारा मोठा बॉस, म्हणजे हरवायला अवघड असा तगडा शत्रू, तो मार्गिट. तो काठी वर उचलतो, आपण वार चुकवायला रोल करायचं (कोलांटी मारायचं) बटण दाबतो, पण काठी खाली येतच नाही. ती तशीच हवेत थांबलेली असते. आपला रोल संपतो, पात्र उभं राहायला लागतं आणि नेमकी तेव्हा काठी डोक्यात बसते. शत्रूने हात उचलला की लगेच वार येतो, ही इतर गेम खेळून अंगवळणी पडलेली सवय. हा गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने सापळा लावलाय तो त्या सवयीवर.

पहिल्या काही वेळा मरण्यात गंमत वाटते. मग वैताग सुरू होतो आणि खेळ सुधारायचा सोडून बिघडायला लागतो. मघाशी सहज चुकवलेले वारही आता लागतात. हात गेला कुठे आपला, असा प्रश्न पडतो.

याचा एक धागा 1952 सालच्या उंदरांपर्यंत जातो. मानसशास्त्रज्ञ अब्राम ॲम्सेल आणि त्यांच्या सहकारी रूसेल यांनी एकापुढे एक अशा दोन धावपट्ट्या बांधल्या. पहिलीच्या टोकाला खाऊची पेटी, दुसरीच्या टोकालाही खाऊची पेटी. दोन्हीकडे खाऊ मिळतो हे उंदरांना पक्कं ठाऊक झाल्यावर संशोधकांनी पहिली पेटी अधूनमधून रिकामी ठेवायला सुरुवात केली. रिकामी पेटी बघून उंदीर हिरमुसून बसतील असं वाटेल. झालं उलटंच. पहिल्या पेटीत काही मिळालं नाही की ते दुसऱ्या पट्टीवर नेहमीपेक्षा जोरात पळायचे. हक्काचं काहीतरी हुकलं की अंगात जोर येतो, आणि पुढ्यात जे काम असेल त्यावर तो निघतो.

सरळ पट्टीवर पळायचं असेल तर हा जोर कामाचाच. मार्गिटसमोर मात्र काम असतं थांबण्याचं: काठी हलेपर्यंत बोट बटणावर नुसतं ठेवायचं. चिडलेल्या माणसाला नेमकं हेच जमत नाही. तो आधी दाबतो, दोनदा दाबतो, बॉसची थोडीच हेल्थ, म्हणजे जीव, उरली असेल तर हावरटासारखा एक वार जास्त करायला जातो. असे कठीण गेम वैतागलेल्या माणसाला इतके नडतात ते यामुळेच, असं मला वाटतं.

त्यात 'थोडक्यात हुकलं' हा प्रकार आगीत तेल ओततो. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये स्लॉट मशीनसारखा खेळ खेळणाऱ्यांचे मेंदू स्कॅन केले. जिंकता जिंकता राहिलेला डाव लोकांना साफ हरलेल्या डावापेक्षा जास्त झोंबला. तरीही डावासाठीचं चित्र त्यांनी स्वतः निवडलेलं असेल, तर पुन्हा खेळायची इच्छा मात्र वाढली, आणि मेंदूतले जिंकल्यावर जागे होणारे काही भाग या हुकलेल्या डावांनीही जागे झाले. स्लॉट मशीनमध्ये 'थोडक्यात' या शब्दाला काडीचाही अर्थ नसतो, पुढचा डाव तेवढाच आंधळा. बॉसच्या बाबतीत त्याला अर्थ असतो. हेल्थ बार खरंच तळाला पोचलेला असतो, म्हणजे काहीतरी शिकून झालेलं असतं. फक्त ते शिकलेलं वापरण्याच्या स्थितीत आपण त्या मिनिटाला नसतो.

मग करायचं काय? उशीवर गुद्दे मारा, ओरडा, राग बाहेर काढा, असा सल्ला हमखास मिळतो. तो बाजूला ठेवलेला बरा. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आधी सहभागींना चिडवलं. मग काहींना, चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं आणि काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग उतरला नाही. ते जास्त चिडलेले निघाले आणि नंतरच्या चाचणीत जास्त आक्रमकही. नुसते बसलेले त्यामानाने शांत होते. कंट्रोलर भिंतीवर फेकण्याचं समर्थन करायला विज्ञान येणार नाही, खर्च तेवढा येईल.

उपयोग होतो तो थांबण्याचा, आणि त्याचं कारण निव्वळ मन शांत होणं हे नाही. बोटांच्या हालचालींचा ठरावीक क्रम शिकणाऱ्यांवर मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये केलेल्या अभ्यासात, एका रात्रीच्या झोपेनंतर वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेला दिसला; मधे सराव काहीच नव्हता. 2019 मधल्या आणखी एका अभ्यासात तर दहा सेकंदांच्या विश्रांतीतही सुधारणा दिसली. ते खरं शिकणं की नुसता थकवा उतरण्याचा परिणाम, यावर संशोधकांत अजून वाद आहे. गेम खेळणाऱ्यांसाठी सगळ्यात बोलका पुरावा टॉम स्टॅफर्ड आणि माइक ड्यूअर यांचा. 'ॲक्सॉन' नावाच्या एका छोट्या ऑनलाइन गेमच्या साडेआठ लाखांहून अधिक खेळाडूंची नोंद त्यांनी तपासली. सुरुवातीचे डाव एका दमात न खेळता मधे मोठी विश्रांती घेऊन खेळलेल्यांचे पुढचे स्कोअर सरस होते. शिवाय ज्यांचे पहिले स्कोअर खूप वरखाली होत होते, म्हणजे जे बहुधा काय काय करता येतं हे चाचपून बघत होते, तेही नंतर पुढे गेले.

तेव्हा अंगठा वेळेआधी दाबला जातोय हे लक्षात आलं की गेम बंद करावा. 'जिंकून मगच झोपतो' ही प्रतिज्ञा मोडलेली चांगली. किंवा निदान त्या एका लढतीत जिंकायचा नाद सोडून द्यावा: एकही वार न करता नुसतं बघायचं, काठी कधी हलते ते. हरायचं ठरवूनच गेलं की हक्काचं हुकल्याची भावना उरत नाही, आणि डोळे मोकळे होतात.

अर्थात प्रत्येक वैताग आपल्यातून येत नाही. अँड्र्यू शिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की गेमनंतर येणाऱ्या आक्रमक भावनेचा संबंध पडद्यावरच्या हिंसेपेक्षा 'मला हे जमू दिलं जात नाहीये' या अनुभवाशी जास्त आहे. त्यांच्या प्रयोगांत 'टेट्रिस'ही होता, ज्यात रक्ताचा थेंब नाही. गेम मुद्दाम अवघड करून ठेवा, माणूस ठोकळ्यांवरही चिडतो. बटण दाबूनही पात्र हललं नाही, कॅमेरा भिंतीत घुसला, मेल्यावर तोच लांबलचक संवाद पुन्हा ऐकावा लागला, तर तो राग रास्त समजावा. 'सुपर मीट बॉय' (2010) कमालीचा कठीण आहे, पण मेल्याबरोबर क्षणात पुन्हा सुरुवात होते. चिडायलाही सवड नाही. टप्पा पार केला की आपले सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दिसतात, आणि त्याचं हसू येतं.

'सेलेस्ट' (2018) याहून पुढे गेला. त्यातला 'असिस्ट मोड' गेमचा वेग निम्म्यापर्यंत उतरवू देतो, पात्राला न थकणारं किंवा अजिंक्यही करू देतो. यावर 'ही तर चीटिंग' म्हणणारे भरपूर आहेत. वेग 70 टक्क्यांवर आणून अडलेला टप्पा हातात बसवायचा, मग 80, मग 90 आणि शेवटी पूर्ण वेगाने उडी मारायची, याला चीटिंग म्हणायचं तर सावकाश लयीत रियाज करणारे सगळेच गायक त्यात येतील.