शाळेतील पारलिंगी व अन्य एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांना आधार

शाळेतील पारलिंगी व अन्य एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांना आधार : पारलिंगी, समलैंगिक, उभयलैंगिक, ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ यांपैकी कोणत्याच चौकटीत न बसणारी आणि स्वतःला अजून शोधत असलेली मुले शाळेत निर्धास्तपणे शिकावीत व मधेच गळू नयेत, म्हणून शिक्षक, शाळेचे प्रशासन, सहाध्यायी आणि पालक यांनी मिळून उभी केलेली व्यवस्था. जन्मवेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी लिंगओळख वेगवेगळी असेल, तर त्या व्यक्तीला पारलिंगी म्हणतात. लैंगिक कल ही निराळी गोष्ट आहे. ‘मी कोण’ हा लिंगओळखीचा प्रश्न आणि ‘मला ओढ कोणाची’ हा कलाचा. वर्गात मात्र दोन्ही प्रकारच्या मुलांच्या वाट्याला येणारा छळ बहुधा एकाच जागेवरून सुरू होतो. मुलाची चाल, आवाज, हातवारे किंवा केसांची ठेवण अपेक्षेप्रमाणे नसली की तेवढे पुरते. चिडवणाऱ्याला समोरच्याच्या मनातले काही ठाऊक नसते. त्यामुळे समलैंगिक नसलेली कितीतरी मुलेही ‘बायकी’ किंवा ‘पुरुषी’ ठरून याच माऱ्यात सापडतात, आणि छळ थांबवणारी शाळा त्यांनाही वाचवते.

यांपैकी कोणतीही ओळख हा आजार नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून वगळले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तेच केले. पारलिंगी असणे हा मनोविकार मानला जाऊ नये, असा बदल या संघटनेने रोगवर्गीकरणाच्या २०१९ मध्ये स्वीकारलेल्या अकराव्या आवृत्तीत केला. तरीही या मुलांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा जास्त आढळतात. संशोधक इलान मायर यांनी २००३ मध्ये मांडलेल्या ‘अल्पसंख्याक ताणा’च्या सिद्धान्तानुसार याचे कारण बाहेरून सतत येणारा दबाव हे आहे : प्रत्यक्ष अपमान, पुढचा अपमान कधी होईल ही धास्ती, आणि स्वतःला लपवण्यात खर्च होणारी शक्ती. मुलाचे दिवसातले बरेच जागे तास शाळेत जातात. हा दबाव वाढवणे किंवा कमी करणे म्हणूनच मोठ्या प्रमाणात शाळेच्या हाती असते.

शाळांनी या प्रश्नाकडे पाहायला सुरुवात केली ती उशिरा, आणि बऱ्याचदा एखाद्या मुलाचे नुकसान होऊन गेल्यावर. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या व्हर्जिनिया उरिबे यांनी ‘प्रोजेक्ट टेन’ सुरू केले, त्यामागे छळाला कंटाळून शाळा सोडून गेलेला एक समलैंगिक विद्यार्थी होता. उपक्रमाचे रूप साधे होते : मधल्या सुट्टीत एका वर्गात बसायचे आणि ज्याला बोलायचे असेल त्याचे ऐकायचे. चार वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधील काँकर्ड अकादमीत समलैंगिक आणि भिन्नलैंगिक विद्यार्थ्यांचे पहिले संयुक्त मंडळ निघाले. तिथून ही मंडळे हजारो शाळांत पसरली. त्याच १९८८ साली ब्रिटनमध्ये उलट घडले. स्थानिक प्रशासनांनी समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करू नये, असे सांगणारे ‘कलम २८’ तिथे लागू झाले. या कलमाखाली एकाही व्यक्तीवर खटला चालला नाही. तरी शिक्षक गप्प झाले. डोळ्यांदेखत होणारी शिवीगाळ थांबवावी तर आपणच अडचणीत येऊ, असे त्यांना वाटू लागले. स्कॉटलंडमध्ये हे कलम २००० मध्ये आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ मध्ये रद्द झाले. तोवर एक पिढी त्या शांततेत शिकून बाहेर पडली होती.

नाव आणि क्रियापद

पारलिंगी मुलाला आधार देण्याची सुरुवात हजेरीपासून होते. मुलाने निवडलेले नाव वर्गात, वह्यांवर आणि शाळेच्या ओळखपत्रावर वापरता येते; अधिकृत नोंदीतले नाव बदलण्याची कायदेशीर प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत थांबावे लागत नाही. टेक्सास विद्यापीठातील स्टीफन रसेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२९ पारलिंगी तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घर, शाळा, कामाची जागा आणि मित्रमंडळी यांपैकी जितक्या अधिक ठिकाणी निवडलेले नाव वापरता येत होते, तितके नैराश्य कमी होते. अशा प्रत्येक वाढीव ठिकाणामागे आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी कमी आढळले. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. पण ज्या कृतीला खर्च नाही आणि परवानगी लागत नाही, तिच्यासाठी एवढा आधार मला पुरेसा वाटतो.

व्यवहारात घोटाळा होतो तो बदली शिक्षक आल्यावर. नेहमीच्या वर्गशिक्षकांना सारे ठाऊक असते. नवे शिक्षक हजेरीपट उघडतात आणि छापलेले जुने नाव मोठ्याने वाचतात. महिनोन्‌महिने जपलेली गोष्ट एका क्षणात पन्नास मुलांसमोर उघडी पडते. म्हणून बदल हजेरीपटातच करावा लागतो, शिक्षकांच्या आठवणीवर सोडून भागत नाही.

नावापुढे भाषा येते. बंगाली, तुर्की आणि फिनिश भाषांतील सर्वनामांना लिंगच नाही. इंग्रजीत तृतीय पुरुषाच्या सर्वनामापुरता प्रश्न असतो. मराठीत मात्र मूल स्वतःबद्दल बोलू लागले की क्रियापद त्याचे लिंग सांगून टाकते. ‘मी आलो’ म्हणावे की ‘मी आले’, हे ठरवल्याशिवाय आपण आल्याचेही सांगता येत नाही. ज्याला सगळे मुलगी समजतात ते मूल ‘मी दमलो’ म्हणते आणि वर्ग हसतो. त्या वेळी शिक्षकाचा चेहरा कसा आहे, हे ते मूल पाहत असते. ‘मी निबंध लिहिला’, ‘मी गणित सोडवले’ अशा वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालते, बोलणाऱ्याचे लिंग झाकलेले राहते. ज्याला अजून काही उघड करायचे नाही, त्याला या वाक्यांचा आडोसा घेता येतो. शिक्षकांच्या हातीही सोपा मार्ग आहे. ‘मुलांनो, मुलींनो’ अशी फाळणी न करता ‘सगळ्यांनी’ म्हणता येते, आणि मूल स्वतःसाठी जे क्रियापद वापरते तेच त्याच्याविषयी बोलताना वापरता येते. चूक झाली तर सुधारून पुढे जावे. लांबलचक माफी मागितल्याने साऱ्या वर्गाचे लक्ष पुन्हा त्या मुलावरच खिळते.

स्वच्छतागृह

शाळेच्या इमारतीत या मुलांना सर्वात धोक्याची वाटणारी जागा बहुधा स्वच्छतागृह असते, कारण तिथे मोठी माणसे नसतात. पुष्कळ मुले दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी रोखून धरतात आणि त्यांतली काही मग मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी पडतात. काही जण तास चालू असताना परवानगी मागतात, म्हणजे तिथे गर्दी नसते. तैवानमधील एक किशोरवयीन मुलगा हेच करत असे. त्याच्या हळुवार वागण्यावरून त्याला छळले जाई. एप्रिल २००० मध्ये तो तास संपण्यापूर्वी स्वच्छतागृहात गेला आणि तिथे जखमी अवस्थेत सापडला. पुढे त्याचा मृत्यू झाला. या घटनेने देश हादरला आणि २००४ मध्ये तिथे लिंगभाव समता शिक्षण कायदा झाला. लिंग, लिंगओळख वा लैंगिक कल यांवरून विद्यार्थ्याशी भेदभाव करण्यास तो मनाई करतो.

आतून कडी लागणारे, एका वेळी एकाने वापरायचे आणि कोणालाही खुले असलेले स्वच्छतागृह हा सर्वात कमी वादाचा उपाय आहे. ‘कोणालाही खुले’ हे महत्त्वाचे. त्या एका मुलालाच कार्यालयात जाऊन शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली मागायला लावले, तर ती रोजची जाहीर घोषणा होते. कपडे बदलण्याच्या खोल्या, सहलीतील मुक्काम आणि गणवेश यांनाही हेच लागू आहे : सगळ्यांसाठी पर्याय ठेवला की एकाला वेगळे काढावे लागत नाही.

गुपित कोणाचे

विद्यार्थी एखाद्या शिक्षिकेला विश्वासाने सांगतो, ‘बाई, मला मुलगे आवडतात.’ पुढे काय करायचे? पहिले उत्तर असे, की काहीच करायचे नाही, ऐकायचे. सांगितल्याबद्दल आभार मानायचे, हे आणखी कोणाला ठाऊक आहे ते विचारायचे आणि त्याला काय हवे आहे तेही विचारायचे. पुष्कळदा त्याला कोणाला तरी कळावे इतकेच हवे असते. अमेरिकेतील ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेच्या २०१९च्या पाहणीत, स्वीकार करणारी किमान एक प्रौढ व्यक्ती आयुष्यात असलेल्या तरुणांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगण्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी होती. ती एक व्यक्ती शिक्षक असू शकते.

शिक्षक सद्हेतूने करतात ती मोठी चूक म्हणजे घरी फोन. पालकांना कळवले की आपली जबाबदारी संपली, असे त्यांना वाटते. घरचे प्रेमळ असतील तर मूल आज ना उद्या स्वतःच सांगते. ते सांगत नसेल तर त्याला कदाचित कारण ठाऊक असते. केटलिन रायन यांच्या २००९ च्या संशोधनात, किशोरवयात कुटुंबाने तीव्रपणे नाकारलेल्या तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, फारसा नकार न अनुभवलेल्यांच्या तुलनेत आठपटींहून अधिक होते. मारहाण, घरातून हाकलणे, ‘उपचारा’च्या नावाखाली छळ हे धोके खरे आहेत. जिवाला धोका असेल तर गोपनीयता मोडावीच लागते. तेव्हाही नेमका धोका कळवायचा, ओळख नव्हे. पालकांना सोबत घेणे हेच अंतिमतः उत्तम, यात शंका नाही. मात्र ते मुलाच्या संमतीने, त्याच्या गतीने आणि शक्यतो समुपदेशकासमोर व्हावे.

छळ दिसला की तिथल्या तिथे थांबवणे हे शिक्षकाचे साधे कर्तव्य आहे. ‘मुले अशीच असतात’ हे उत्तर न्यायालयातही टिकलेले नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या जेमी नॅबोझनी याने वर्षानुवर्षे मार खाल्ला, तक्रारी केल्या, आणि शाळेने दुर्लक्ष केले. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पंचांनी शाळेच्या अधिकाऱ्यांना जबाबदार धरले आणि प्रकरण सुमारे नऊ लाख डॉलरवर मिटले.

कायदा आणि मतभेद

माल्टाने २०१५ मध्ये पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र शालेय धोरण आणले. नेदरलँड्समध्ये २०१२ पासून शाळांना लैंगिक वैविध्याविषयी शिकवावे लागते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत पारलिंगी व्यक्तींशी भेदभावाला मनाई केली. पण २०२१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शिक्षकांसाठी काढलेली मार्गदर्शिका आक्षेप येताच संकेतस्थळावरून उतरवण्यात आली. रशियाने २०१३ मध्ये आणि हंगेरीने २०२१ मध्ये अल्पवयीनांसमोर या विषयाची मांडणी करण्यावरच बंधने घातली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने २०२२ मध्ये प्राथमिक इयत्तांत हा विषय शिकवण्यास मनाई केली.

खरा मतभेद आहे तो लहान वयातल्या सामाजिक बदलाबद्दल, म्हणजे नाव, पोशाख आणि संबोधन बदलण्याबद्दल. क्रिस्टिना ओल्सन यांच्या २०१६ च्या अभ्यासात, घरच्यांच्या पाठिंब्याने असा बदल केलेल्या ७३ मुलांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतर मुलांइतकेच आढळले. इंग्लंडमध्ये मुलांच्या लिंगओळखविषयक आरोग्यसेवेची तपासणी करणाऱ्या २०२४ च्या कॅस अहवालाने मात्र उपलब्ध पुरावा कमकुवत ठरवला आणि वयात येण्यापूर्वीच्या मुलांबाबत सावधगिरी सुचवली. हा वाद छळ थांबवणे, गुपित राखणे किंवा सुरक्षित स्वच्छतागृह देणे यांना लागू होत नाही. त्यासाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

शाळा सुटल्यावरही एक काम उरते. अनेक पारलिंगी माजी विद्यार्थी कायदेशीर नावबदल झाल्यावर जुनी गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन परत येतात. नोकरीच्या मुलाखतीत जुन्या नावाचा कागद पुढे करावा लागला, की सारी कहाणी अनोळखी माणसासमोर मांडावी लागते. अशा वेळी नव्या नावाने, जुन्या नावाचा उल्लेख न करता दाखला देण्याची ठरलेली पद्धत कार्यालयात असावी, आणि खिडकीशी बसणाऱ्या लिपिकाला ती माहीत असावी.