बारकोड आणि आरएफआयडी: साडीची नोंद आणि साडीची हजेरी

इंदूरच्या शीतलामाता बाजारातल्या ज्या दुकानाचा साठा सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे, तेथील प्रत्येक माहेश्वरी साडीला दोन चिठ्ठ्या लावलेल्या असतात. एक नेहमीची, काळ्या उभ्या रेघांची बारकोडची चिठ्ठी. दुसरी तिच्याहून जरा मोठी. ती उजेडात धरली तर आत नागमोडी वळणांची पातळ धातूची पट्टी आणि मधोमध मोहरीच्या दाण्याहूनही बारीक असा काळा ठिपका दिसतो. दुकान एकच असले तरी विक्री दोन दारांनी होते, एक गादीवर साड्या उलगडून आणि दुसरी संकेतस्थळावर छायाचित्रे दाखवून. दोन्हीकडचा साठा एकमेकांशी जुळावा म्हणून ही दुसरी, आरएफआयडीची, म्हणजे रेडिओलहरींनी ओळख सांगणारी चिठ्ठी आली. तरीही शेजारचे दुकानदार, माल घेऊन येणारे विणकर आणि आमचे मुनीमजीसुद्धा एकच प्रश्न विचारतात, की बारकोड असताना हा वेगळा खर्च कशासाठी. त्यांना बहुधा ‘हा लांबून वाचता येणारा बारकोड आहे’ असे उत्तर मिळते, आणि माझ्या मते पुढचा सगळा घोटाळा याच उत्तरापासून सुरू होतो.

बारकोड ही प्रकाशाने वाचायची संख्या आहे. काळ्या रेघा प्रकाश शोषून घेतात, मधल्या पांढऱ्या फटी तो परत पाठवतात, आणि त्या कमी-जास्त उजेडातून यंत्र अंक ओळखते. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ट्रॉय येथील एका दुकानात च्युइंगमचे पाकीट या पद्धतीने पहिल्यांदा विकले गेले, आणि तेव्हापासून कामाची रीत फारशी बदललेली नाही: वस्तू हातात घ्यायची, रेघा यंत्रासमोर धरायच्या, आवाज झाला की नोंद झाली असे समजायचे. साबणाच्या वडीवर छापलेली १३ अंकी संख्या घेतली, तर तिचे पहिले तीन अंक ८९० असतील तेव्हा ती जीएस१ इंडिया या बारकोडच्या संख्या देणाऱ्या संस्थेकडून घेतलेली असते, आणि त्या वाणाच्या लाखो वड्यांवर तीच संख्या असते. म्हणजे बारकोड वस्तूचा वाण सांगतो. हातातली ही वडी कोणती, हे तो सांगत नाही.

याचा परिणाम मोजणीच्या वेळी दिसतो. एकाच नमुन्याच्या तीन साड्या आहेत, एक राणी रंगाची, एक अंजिरी आणि एक पोपटी, आणि प्रत्येक रंगाच्या बारकोडची संख्या वेगळी आहे. दिवसभर उभा राहून कंटाळलेला मुलगा वरचीच राणी साडी यंत्रासमोर तीनदा धरतो आणि पुढच्या कप्प्याकडे वळतो. एकूण बेरीज बरोबर येते, त्यामुळे कोणालाही शंका येत नाही. मात्र नोंदीत राणी साड्या तीन होतात, अंजिरी आणि पोपटी शून्य होतात, आणि संकेतस्थळ पुढचे दोन महिने दुकानात नसलेल्या दोन राणी साड्या विकायला काढून ठेवते.

आरएफआयडीची चिठ्ठी प्रकाशाने नव्हे, तर रेडिओलहरींनी वाचली जाते. ती बहुतेकांच्या ओळखीची आहे, कारण देवासच्या वाटेवर टोलनाक्यावरून जाताना मोटारीच्या काचेवरचा जो फास्टॅग वाचला जातो, तो याच जातीचा. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो. चिठ्ठीत बॅटरी नसते. रीडरने, म्हणजे ती वाचणाऱ्या यंत्राने, सोडलेल्या लहरींतूनच तिला शक्ती मिळते, आणि त्याच लहरी कमी-जास्त परतवून ती आपली संख्या कळवते. अंतर काही मीटरचे असते. मोबाइलला टेकवून पैसे देताना वापरले जाणारे एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते आणि काही सेंटिमीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. दुकानाच्या दारात चोरी झाल्यास वाजणारी प्लॅस्टिकची गुंडी तर एवढेच सांगते की ‘मी येथे आहे’. मी कोण, हे तिला माहीत नसते. या दोहोंशी आरएफआयडीची गल्लत होते, पण ती फार काळ टिकत नाही, म्हणून त्यांचा उल्लेख येथेच सोडतो.

या चिठ्ठीतली प्रचलित संख्या ९६ बिटांची असते. तिच्यात उत्पादकाचा आणि वाणाचा क्रमांक तर असतोच, शिवाय प्रत्येक नगाच्या अनुक्रमांकासाठी ३८ बिट राखून ठेवलेले असतात. तेवढ्या जागेत एकाच वाणाच्या २७ हजार कोटींहून अधिक नगांना वेगवेगळे क्रमांक देता येतात. कपाटात दोनशे साड्या असतील आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम बोलू लागल्या, तर वर्गातली सगळी मुले एकाच वेळी ‘हजर’ म्हणून ओरडल्यावर जे होते तेच होईल. म्हणून रीडर आधी किती पाळ्या आहेत हे जाहीर करतो, प्रत्येक चिठ्ठी स्वतःसाठी एक पाळी आपल्या मनाने निवडते, दोन चिठ्ठ्यांची पाळी एकच आली तर त्यांना पुन्हा निवड करावी लागते, आणि जिची हजेरी लागली ती काही वेळ गप्प बसते. त्यामुळे राणी साडी तीनदा मोजली जाण्याची शक्यता उरत नाही. तिचा क्रमांक शंभर वेळा ऐकू आला तरी यादीत ती एकदाच येते.

येथपर्यंतचे दोन फरक, म्हणजे लांबून वाचणे आणि नगवार ओळखणे, यंत्रे विकणारे नेहमी सांगतात. ते खरे आहेत, परंतु साडीच्या धंद्यात दुसरा फरक अर्धाच लागू पडतो. सुमारे ९० किलोमीटरवरच्या महेश्वरहून हातमागाची जी साडी येते, तिच्यासारखी हुबेहूब दुसरी बहुधा नसते, आणि म्हणून दुकाने आपापल्या संगणकावर प्रत्येक साडीला वेगळा बारकोड छापूनच देतात. तेथे बारकोडही नगवारच असतो. मग उरते काय? माझ्या अनुभवाप्रमाणे खरा फरक असा आहे, की बारकोड कोणीतरी दाखवावा लागतो आणि आरएफआयडीची चिठ्ठी स्वतःहून उत्तर देते. बारकोडमागे नेहमी माणसाची एखादी कृती असते, जसे माल आला, विकला, परत घेतला. म्हणून तो व्यवहाराची नोंद ठेवतो. आरएफआयडीला व्यवहार कळत नाही. या घटकेला या खोलीत कोणत्या साड्या आहेत, एवढेच तिला कळते. पहिली नोंद आहे, दुसरी हजेरी आहे, आणि दोन्ही एकच धरून चालले की दुकान व संकेतस्थळ यांची फारकत होते.

आमच्या धंद्यातली दोन रोजची उदाहरणे घेतली तर हे स्पष्ट होईल. लग्नघरातून बोलावणे येते आणि चौदा साड्या जांगड म्हणून पाठवल्या जातात. पसंत पडतील त्या ठेवून घेतील, बाकीच्या चार दिवसांनी परत येतील. त्या विकलेल्या नाहीत, म्हणून नोंदीत त्या शिल्लक आहेत. पण दुकानात त्या नाहीत, म्हणून हजेरीत गैरहजर आहेत. उलट, काल विकलेली आणि पैसेही चुकते झालेली साडी पिको-फॉलसाठी मागच्या खोलीत पडून असते. नोंदीत ती गेलेली आहे, आणि रीडरला मात्र ती ठणठणीत हजर दिसते. पहिल्या आठवड्यात मुनीमजींनी मला विचारले होते, “अहो, यंत्र म्हणते साडी आहे, मग विकायला हरकत काय?” मी म्हटले, “मुनीमजी, आहे ती साडी, पण आपली नाही.” त्यानंतर त्यांना बाकीचे समजावून सांगावे लागले नाही.

आता समजा, रात्री दुकान वाढवताना रीडर ४१२ साड्या हजर सांगतो. त्यांतल्या २७ पिको-फॉलच्या आहेत आणि ९ साड्यांची मागणी संकेतस्थळावरून आलेली असून त्यांची बांधणी व्हायची आहे. बाहेर जांगडावर १४ आहेत. बिल फाडल्यावरच साठा कमी करणाऱ्या नोंदीत, ऑनलाइनची बिले अजून झालेली नसल्याने, ४१२ मधून २७ जाऊन आणि १४ मिळून ३९९ साड्या दिसतील. संकेतस्थळावर मात्र ३७६ हाच आकडा जायला हवा, कारण ४१२ मधून २७ आणि ९ वजा केल्यावर विकायला मोकळ्या तेवढ्याच राहतात. ४१२, ३९९ आणि ३७६ हे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. तिसरा आकडा मात्र बारकोडही देत नाही आणि आरएफआयडीही देत नाही. नोंद आणि हजेरी शेजारी ठेवून तो काढावा लागतो, आणि हे काम मधल्या सॉफ्टवेअरचे आहे.

मग हजेरीचा नेमका उपयोग काय? नोंद हळूहळू बिघडत जाते, हे मान्य केले की तो कळतो. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मोठ्या विक्रेत्याच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३,७०,००० नोंदी तपासल्या होत्या, आणि त्यांपैकी ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष साठ्याशी जुळल्या नव्हत्या. ती दुकाने बारकोड न वापरणारी नव्हती. चूक, चोरी, चुकीच्या कप्प्यात गेलेला माल आणि घाईत न फाडलेले बिल, हे सगळे थोडे थोडे साठत जाते, आणि पक्की मोजणी वर्षातून एकदा मार्चअखेरीस होत असेल तर अकरा महिने ते कोणाच्या नजरेस येत नाही. बारकोडने पूर्ण दुकान मोजायला आम्हाला दोन दिवस दुकान अर्धे बंद ठेवावे लागत असे. हातातला रीडर फिरवत तेच काम सकाळी झाडलोट होईपर्यंत आटोपते, म्हणून ते आठवड्यातून दोनदा करता येते. मोजणी वेगवान झाली यापेक्षा ती वारंवार होऊ लागली, याचे मोल मला अधिक वाटते.

हजेरीलाही तिचे स्वतःचे दोष आहेत. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. माहेश्वरीच्या काठापदराला जर असते; चिठ्ठी जरीवर सपाट टेकली तर ती नीट वाचली जाईलच असे नाही, म्हणून आम्ही ती काठापासून दूर, अंगाच्या साध्या कापडावर दोऱ्याने लोंबती ठेवतो. घड्या घट्ट रचून चिठ्ठ्या एकमेकींवर अगदी चिकटल्या तरी काही चिठ्ठ्या मुक्या राहतात. आमच्याकडे यंत्र बसवणाऱ्याने आता माणसाने पाहण्याची गरज नाही असे सांगून रीडर थेट संकेतस्थळाला जोडून दिला होता. तिसऱ्याच दिवशी एका लोखंडी कपाटाचे दार मोजणीच्या वेळी बंद राहिले आणि आतल्या ३८ साड्या संकेतस्थळावरून नाहीशा झाल्या. दुसऱ्या बाजूने, मागच्या खोलीची भिंत प्लायवूडची असल्याने लहरी तिच्या आरपार जाऊन पिको-फॉलचा गठ्ठा दुकानात मोजू लागल्या. तेव्हापासून गैरहजर साडी लगेच काढून न टाकता सलग दोन मोजण्यांत न दिसल्यावरच शोधायला सांगावे, आणि पिको-फॉलसाठी मागे जाणाऱ्या साडीची चिठ्ठी बिल होतानाच कापून घ्यावी, असे दोन नियम आम्ही केले.

आणखी एका बाबतीत आरएफआयडीकडून नको ती अपेक्षा ठेवली जाते. रविवारी संध्याकाळी राजवाड्याच्या बाजूने गर्दी लोटलेली असताना एक बाई गादीवर अंजिरी साडी पसंत करतात आणि त्याच मिनिटाला पुण्याहून कोणीतरी तीच साडी संकेतस्थळावर घेते. सकाळच्या हजेरीने येथे काहीच साधत नाही. येथे बिलावरचा बारकोड वाचला जाताच संकेतस्थळावरची ती साडी त्याच क्षणी बंद होणे आणि ऑनलाइन मागणी येताच गल्ल्यावरच्या पडद्यावर ती अडवली जाणे, एवढेच उपयोगी पडते. शंभर नग असलेल्या वस्तूत दोन-चार नग राखीव ठेवून हा धोका टाळता येतो. जेथे नगच एक आहे तेथे राखीव काय ठेवणार? म्हणून गादीवर उलगडलेली आणि गिऱ्हाईक विचारात पडलेली साडी आम्ही बारकोड दाखवून पंधरा मिनिटे अडवून ठेवतो. मुलांना हे काम जिवावर येते, हे मान्य करायला हवे.

खर्चाचा विचार केला तर बारकोडची चिठ्ठी काही पैशांत पडते, आरएफआयडीची काही रुपयांत, आणि रीडरचा खर्च वेगळा. मालक स्वतः गादीवर बसतो आणि सारा माल एका नजरेच्या टप्प्यात आहे अशा तीन-चारशे साड्यांच्या दुकानाला नगवार बारकोड आणि दर सोमवारी हाताने केलेली मोजणी पुरेशी आहे. त्याने आरएफआयडीच्या मागे लागू नये. माल दोन मजल्यांवर आणि एका गोदामात विभागलेला असेल आणि प्रत्येक साडी संकेतस्थळावरही असेल, तर हजेरीवाचून नोंदीवर विसंबता येत नाही. आमचे दुकान या दुसऱ्या प्रकारातले आहे. जांगडाची लाल वही अजूनही गल्ल्याशेजारीच असते. फक्त तिच्यात आता ‘अंजिरी, बुगडी काठ’ असे न लिहिता मुनीमजी चिठ्ठीवर छापलेले शेवटचे सहा अंक लिहून घेतात.