नायजरचं जंगल जमिनीखालीच होतं

'सहारा दक्षिणेकडे सरकतोय, त्याला अडवायला आफ्रिका झाडांची भिंत उभारतेय', ही बातमी अधूनमधून फिरून येते. आफ्रिकी महासंघाने २००७ साली ही योजना हाती घेतली, आणि नकाशावर ती हिरवी पट्टी दिसतेही झकास. पण सहाराच्या दक्षिण काठाला लागून असलेल्या साहेल पट्ट्यातली जमीन वाळू चालून आल्यामुळे उजाड झाली असं नाही. बहुतेक ठिकाणी ती जागच्या जागीच उघडी पडली, दुष्काळाने आणि झाडतोडीने.

नायजरचंच घ्या. (नायजेरिया नव्हे, तिचा उत्तरेकडचा शेजारी.) आकाराने महाराष्ट्राच्या चौपट, पण बराचसा सहारातच. वस्ती दाटलेली दक्षिणेच्या अरुंद पट्टीत. तिथले हौसा समाजाचे शेतकरी जून ते सप्टेंबरच्या पावसावर बाजरी, ज्वारी, चवळी घेतात. आपल्या भाकरीची बाजरीसुद्धा मूळची साहेलचीच. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळानंतर तिथे रोपं लावण्याच्या योजना आल्या, आणि बहुतेक रोपं वाळून गेली. दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात फोटोपुरतं रोप लावणारे आपल्याकडेही आहेतच.

१९८३च्या सुमारास मराडी भागात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या लक्षात आलं, की शेतातली खुरटी झुडपं ही झुडपं नाहीतच. ते तोडलेल्या झाडांच्या खुंटांना फुटलेले धुमारे आहेत. शेतकरी दर पेरणीला ते कापून जाळत, आणि ते पुन्हा फुटत.

खरी गंमत इथे आहे. नवं रोप पावसाळ्याच्या तीनचार महिन्यांत जेमतेम मूळ धरतं आणि पुढच्या आठ कोरड्या महिन्यांत मरतं. खुंटाची मुळं मात्र आधीच खोल गेलेली असतात आणि त्यांत पिष्टाचा साठा असतो. शेंडा शाबूत असेपर्यंत तिथून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. झाड तोडलं की हा धाक संपतो, मुळांकडून येणाऱ्या सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाचं पारडं जड होतं आणि सुप्त डोळे एकदम फुटतात. पण वीसपंचवीस धुमाऱ्यांत साठा वाटला गेला की एकही झाड होत नाही. त्यातले चारपाच जोमदार ठेवून बाकीचे छाटले, की काही वर्षांत सरपणाजोगं झाड उभं राहतं. खर्च कोयत्याचा.

सावलीने पीक मारलं जाईल, ही शंका आपल्या बांधावरची बाभूळ पाहिलेल्याला येणारच. पण तिथला लाडका वृक्ष 'गाओ', बाभळीचा भाऊबंद, ऐन पावसाळ्यात पानं गाळतो आणि कोरड्या दिवसांत हिरवा होतो. बाजरीला ऊन मिळतं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू नत्र पुरवतात. उन्हाळ्यात गुरं त्याच्याच सावलीत बसतात आणि शेणखत तिथेच पडतं. याला 'चमत्कारी वृक्ष' म्हणणारे भेटतात; पिंपळ रात्री प्राणवायू देतो म्हणणाऱ्यांचेच ते नातलग.

अडचण जीवशास्त्राची कमी, कायद्याची जास्त होती. वसाहतकाळापासून शेतातलं झाडही सरकारचं मानलं जाई, मग ते राखायचं कुणासाठी? तो जाच सैल झाला आणि गावोगाव छाटणी सुरू झाली. उपग्रहचित्रांवरून अंदाज आहे, की सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परतली, तीही बहुतांश रोपं न लावता.

जिथे खुंटच उरले नाहीत, तिथे मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे बी हवं. गुरं गाओच्या शेंगा आवडीने खातात आणि शेणातून बी शेतात पडतं. ते रुजलं की कोवळा शेंडा खायलाही तीच गुरं हजर असतात, म्हणून पहिली काही वर्षं रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण लागतं.