गुडघ्याचा अस्थिसंधिवात : वेदना आणि उपचार

गुडघ्याचा अस्थिसंधिवात, म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस किंवा दवाखान्यातल्या बोलीत नुसता ‘ओए’, हा सांध्याचा दीर्घकाळ चालणारा विकार आहे. बोलताना आपण त्याला ‘गुडघ्यांची झीज’ म्हणतो. तो साधारणपणे पन्नाशीच्या आसपास जाणवू लागतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, जास्त आढळतो. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, पूर्ववत करणारे औषध अजून मिळालेले नाही. तरीही वेदना बरीच आटोक्यात ठेवता येते आणि बहुतेक रुग्णांवर शस्त्रक्रियेची वेळ कधीच येत नाही. सगळ्यात उपयोगी ठरलेले उपाय स्वस्त आणि कंटाळवाणे आहेत. कदाचित म्हणूनच लोक त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी वळतात.

वेदना कुठून येते : मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी यांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. या कूर्चेत ना मज्जातंतू असतात ना रक्तवाहिन्या, त्यामुळे नुसती कूर्चा झिजल्याने दुखत नाही. दुखते ते तिच्याखालचे हाड, सांध्याचे सुजलेले आतले अस्तर, ताणलेले आवरण आणि भोवतालचे थकलेले स्नायू. वर्षानुवर्षे दुखत राहिले की मेंदू आणि मज्जासंस्थाही त्या वेदनेला अधिक तीव्रतेने प्रतिसाद देऊ लागतात. झोप नीट नसेल किंवा मन खचलेले असेल, तर तोच गुडघा जास्त दुखतो.

म्हणूनच एक्स-रे आणि दुखणे यांचा मेळ अनेकदा बसत नाही. एक्स-रेवरून झिजेची ० ते ४ अशी प्रत ठरवण्याची केलग्रेन-लॉरेन्स पद्धत १९५७ पासून रूढ आहे. पण ‘चौथी ग्रेड’ असलेली बाई रोज बाजारहाट करून येते आणि दुसऱ्या ग्रेडचा माणूस जिन्यात अडखळतो, हे नेहमी दिसते. ‘गॅप (दोन हाडांमधली फट) संपली, आता ऑपरेशनच’ असे फक्त फिल्म पाहून ठरवणे त्यामुळे योग्य नाही. ‘वंगण संपले’ ही समजूतही तितकीशी खरी नाही; या आजारात गुडघ्यात पाणी साचून सांध्यातला द्रव पुष्कळदा वाढलेलाच असतो.

कारणे आणि निदान : वय, लठ्ठपणा, आनुवंशिकता, पूर्वी लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) किंवा सांध्यातल्या गादीला झालेली इजा आणि पायांची ठेवण ही प्रमुख कारणे. झीज बहुधा गुडघ्याच्या आतल्या बाजूला जास्त होते आणि पाय हळूहळू धनुष्याकृती होतात. वर्षानुवर्षे उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसून करायच्या कामांचाही वाटा असतो. खुरपणी करणाऱ्या बायका आणि फरशी बसवणारे कारागीर ही त्याची जवळची उदाहरणे. वय पंचेचाळीसच्या पुढे, चालताना-चढताना दुखणे आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत जाणे, एवढ्यावरून बहुधा निदान होते; एमआरआयची गरज क्वचितच पडते. मात्र गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पायावर भार घेता येईना किंवा ताठरपणा तासन्‌तास राहिला, तर आजार वेगळा असू शकतो. अशा वेळी लगेच डॉक्टरांना दाखवावे.

व्यायाम : हा जोडीचा उपाय नाही, मुख्य उपचार आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनातही व्यायाम आणि गरजेप्रमाणे वजन घटवणे यांनाच पहिले स्थान आहे. ‘चालल्याने आणखी झिजेल’ ही भीती बहुतेकांना असते आणि तीच सर्वांत जास्त नुकसान करते : दुखते म्हणून बसायचे, बसल्याने मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो आणि स्नायू रोडावला की सगळा भार सांध्यावर येतो.

सुरुवात पलंगावरही करता येते. पाय सरळ करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, गुडघ्याने ती खाली दाबावी, मांडी घट्ट झाल्याचे हाताने चाचपून पाहावे, पाच आकडे मोजून सैल सोडावे. असे दहा वेळा. मग पाय ताठ ठेवून वीतभर उचलणे. पुढची पायरी म्हणजे हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे आणि सावकाश बसणे. हा शेवटचा प्रकार साधा दिसतो, पण घरच्या घरी करण्याजोगा याच्याइतका कामाचा व्यायाम क्वचितच असेल. खुर्ची आधी उंच घ्यावी, जमू लागले की बुटकी. मागच्या खुब्याच्या स्नायूंनाही काम द्यावे लागते. जोडीला सपाट रस्त्यावर चालणे, सायकल किंवा पोहणे, जे आवडेल ते.

व्यायाम करताना थोडे दुखले तर हरकत नाही. दहापैकी चार-पाचपर्यंतचे दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आले, तर प्रमाण बरोबर आहे. नाही आले तर थोडे कमी करावे, बंद करू नये. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि बरेच जण तिसऱ्याच आठवड्यात सोडून देतात. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून हाच क्रम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली गटाने शिकवला जातो. आपल्याकडे फिजिओकडे गेले की शेक आणि मशीन यांतच बराच वेळ जातो. पहिल्याच दिवशी ‘व्यायाम शिकवा’ असे स्पष्ट सांगावे.

वजन : जास्त वजनाच्या ज्येष्ठांवरील २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात, कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी घटलेला आढळला. वजन शे-सव्वाशेवरून आदर्श आकड्यावर आणायचे नसते. दहा टक्के उतरले तरी दुखण्यात स्पष्ट फरक पडतो. वजन घटवणाऱ्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनाने लठ्ठ रुग्णांची गुडघेदुखीही चांगली कमी झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे औषध आहे.

रोजचे बसणे-उठणे : मराठी घरातला बराच व्यवहार जमिनीवर चालत आला आहे : विळीवर भाजी चिरणे, पाटावर जेवण, देवघरापुढची बैठक, भारतीय पद्धतीचा संडास. गुडघा पूर्ण दुमडून उठताना वाटीवर फार दाब येतो. दुखणे वाढलेल्या काळात ओटा, खुर्ची आणि कमोड यांनी निम्मे काम हलके होते. संडास बदलणे शक्य नसेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. मांडी घालणे कायमचे वर्ज्य मानायचे मात्र कारण नाही. जमते आणि दुखत नाही, तर बसावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. घरोघरी ती उलटीच धरलेली दिसते. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

औषधे आणि इंजेक्शने : पहिली निवड डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक जेल, दिवसातून तीन-चारदा नियमाने लावले तर गुडघ्याला त्याचा उपयोग होतो. त्याच गटातल्या गोळ्या परिणामकारक आहेत, पण त्यांनी जठरात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडे व हृदय यांनाही धोका असतो. म्हणून त्या कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घ्याव्यात. मेडिकलमधून स्वतःच आणून महिनोन्‌महिने नव्हे. पॅरासिटामॉलचा या दुखण्यावर फारसा प्रभाव पडत नाही. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या महागड्या पुड्या आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात. २००६ साली दीड हजारांवर रुग्णांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत, सगळे रुग्ण एकत्र धरता, त्या औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने सूज उतरून काही आठवडे आराम मिळतो. दर तीन महिन्यांनी दोन वर्षे देऊन पाहिले, तेव्हा खोट्या इंजेक्शनाच्या तुलनेत वेदनेत फरक नव्हता आणि कूर्चा अधिक घटली होती. ‘वंगणाचे’ हायल्युरॉनिक इंजेक्शन आणि रक्तातल्या प्लेटलेट्सचे पीआरपी यांच्यामागचा पुरावा त्यांच्या बिलाइतका भक्कम नाही. दुर्बीण घालून गुडघा धुण्याबद्दल तर २००२ मध्येच अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या चाचणीने उत्तर दिले : १८० रुग्णांपैकी ज्यांना फक्त कातडीवर छेद दिले, त्यांनाही तितकाच आराम पडला.

चरकसंहितेत संधिगत वाताचे वर्णन आहे : वारा भरलेल्या पखालीसारखी हाताला लागणारी सूज आणि पाय पसरता-आखडताना वेदना. तेलाने मालीश आणि शेक यांनी स्नायू सैलावतात, बरे वाटते. कूर्चा वाढत नाही, पण अपायही नाही. अपाय आहे तो नाव-गाव नसलेल्या पुड्यांत. दोन दिवसांत जादू करणाऱ्या अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. चेहरा सुजू लागला किंवा साखर अचानक वाढली तर त्याचा संशय घ्यावा. अशी पुडी बरेच दिवस चालली असेल तर एकदम न थांबवता आधी डॉक्टरांना सांगावे.

शस्त्रक्रिया : हे सगळे करूनही रात्रीची झोप उडत असेल आणि घरात वावरणे अवघड झाले असेल, तर सांधा बदलण्याचा विचार करतात. तरुण वयात आणि एकाच बाजूची झीज असेल तर नडगीचे हाड कापून पाय सरळ करण्याचा किंवा अर्धाच सांधा बदलण्याचा पर्याय असतो. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया भारतात घरोघरी माहीत झाली ती तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सुमारे १ लाख ५८ हजारांवरून ५४,७२० रुपयांवर आला. रुग्णालयाचे बाकीचे बिल त्यात धरलेले नाही.

पूर्ण बदललेल्या सांध्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षे टिकतात, असे २०१९ च्या एका मोठ्या पाहणीत आढळले. दुसरीकडे, दहापैकी एक-दोघे निकालावर समाधानी नसतात. पायऱ्या चढणे आणि फिरायला जाणे बहुतेकांना जमते. उकिडवे बसणे सहसा नाही, आणि जमिनीवर बसू नये असेच बहुतेक सर्जन सांगतात. शस्त्रक्रियेआधी मांडीचे स्नायू जितके तयार असतील तितके नंतरचे चालणे सोपे जाते. नंतर पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच वॉकर धरून उभे केले जाते आणि पुढचे काही आठवडे गुडघा वाकवण्याचा व्यायाम दुखला तरी रोज करावा लागतो.